कुंभार्ली घाट, पॅनिक आणि मोबाईलची रेंज: एका ऑनलाइन थेरपीचं प्रकरण

हे प्रकरण एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं आहे. मी त्यांना इथे नुसतं बाई म्हणणार, शाळेत पोरं तेच म्हणतात. त्यांची लेखी परवानगी घेतलीय, लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलंय, वय, शाळेचं गाव, घरचे बारीकसारीक तपशील बदललेत. घाट मात्र तोच ठेवलाय कारण तो बदलला तर प्रकरणच कळणार नाही, आणि त्या घाटातून रोज एवढी माणसं जातात की त्यावरून कोणाची ओळख पटायची नाही. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि गेली काही वर्षं माझी बरीच सेशन्स व्हिडिओ कॉलवर होतात.

बाई पस्तिशीतल्या, राहायला चिपळूणला, शाळा जवळच्या एका गावात, नवरा लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्युटीला, घरात सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. माहेर कराडकडचं. रक्षाबंधनाला एसटीने माहेरी निघाल्या होत्या, कुंभार्ली घाटात पुढे एक ट्रक बंद पडला आणि गाडी जागेवरच थांबली. बाहेर धुकं, काचा बंद, गाडी गच्च भरलेली. आधी छातीत धडधडायला लागलं, मग हाताला मुंग्या, मग श्वास पुरेना, आणि मग ती एक खात्री की आता आपण इथेच मरणार आणि कोणाला कळणारही नाही. त्या गाडीतून उतरल्या, उलट्या दिशेने चाललेल्या एका गाडीत बसून चिपळूणला परत आल्या आणि थेट दवाखान्यात गेल्या. ईसीजी नॉर्मल.

दुसरा अटॅक शाळेत प्रार्थनेच्या वेळी आला, तिसरा रात्री गाढ झोपेतून उठवून. झोपेतही येतो म्हटल्यावर त्यांना वाटलं की हे नक्की हार्टचंच, कारण झोपेत कसलं आलंय टेन्शन. पण पॅनिक, म्हणजे खरा धोका नसताना अचानक उसळणारी तीव्र भीती, झोपेतही येतं, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. पुढच्या काही महिन्यांत टूडी एको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं त्याच्या गोळ्या झाल्या. प्रत्येक वेळी तेच वाक्य, तुम्हाला काही नाही, टेन्शन घेऊ नका. हे वाक्य सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो पण ज्याला खरोखर श्वास कोंडल्यासारखं होतंय त्याला ते ऐकून वाटतं की ह्यांना सापडलं नाही म्हणजे काहीतरी लपलेलं आहे, आणि तो पुढच्या टेस्टला जातो.

माझ्याकडे आल्या तेव्हा परिस्थिती अशी होती. घाट पूर्ण बंद, माहेरी जाणं बंद, स्कूटीवर एकटीने जाणं बंद, चहा बंद. पर्समध्ये पाण्याची बाटली, ओआरएस, सॉर्बिट्रेटची गोळी (हार्टच्या दुखण्यात जिभेखाली धरायची, ती सासऱ्यांच्या आजारपणातली उरलेली, कोणीही डॉक्टरने बाईंना दिलेली नव्हती), घबराट पटकन शांत करणाऱ्या अल्प्राझोलाम ०.२५ ची स्ट्रिप आणि फुल चार्ज केलेला मोबाईल. घरातून निघताना नवऱ्याला फोन, शाळेत पोचल्यावर फोन, मधल्या सुट्टीत फोन. जीएडी-७ नावाची चिंतेची प्रश्नावली असते, २१ पैकी मोजतात, १५ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. बाईंचा स्कोअर १७ होता. डिप्रेशनसाठीची पीएचक्यू-९ पण भरून घेतली कारण तिच्यातला नववा प्रश्न स्वतःला संपवण्याच्या विचारांबद्दल असतो आणि ऑनलाइन काम करताना तो विचारल्याशिवाय मी पुढे जातच नाही. तो शून्य होता.

आता ऑनलाइनच का, तर जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, चिपळूणहून नव्वदेक किलोमीटर, आणि कोकणात "रत्नागिरीला न्यायला लागेल हिला" हे वाक्य कशासाठी वापरतात ते तिथल्या माणसाला सांगायला नको. तिथे चांगले डॉक्टर आहेत, उपचार होतात, पण त्या टोमण्याची धास्ती इतकी की बाईंनी ते नावच काढू दिलं नाही. पुण्याला यायचं तर कुठूनही या, घाट लागणारच. म्हणजे ज्याची भीती आहे तेच ओलांडल्याशिवाय भीतीचा उपचार मिळणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं आलं होतं, ते कसं होतं ते मला अशा प्रकरणांतून दिसतं.

शोधाशोध नवऱ्याने केली. त्यांना आधी बरेच लोक सापडले होते, कोणी लाइफ कोच, कोणी नुसतं काउन्सेलर, एकाने तर ठराविक दिवसांत मुळापासून बरं करण्याची गॅरंटीच दिली होती. पहिल्या फोनवर त्यांनी मला सरळ विचारलं, मॅडम तुमच्याकडे लायसन्स आहे का आणि ते कसं तपासायचं. मला फार बरं वाटलं हा प्रश्न ऐकून. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते, १९९२ च्या कायद्याने. प्रत्येकाला सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो आणि तो कौन्सिलच्या साइटवर टाकून बघता येतो. साधारण एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल., हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष पेशंट बघत केलेलं, हा बरीच वर्षं त्याचा नेहमीचा मार्ग होता. काउन्सेलर ही पाटी मात्र बरीच वर्षं कोणीही लावू शकत होतं. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात मानसिक आरोग्यातली आणखी काही कामं घेतलीत पण म्हणून समोरच्याचा नंबर विचारायचं सोडू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आणि मी काय करू शकत नाही तेही सांगितलं, म्हणजे मला औषध लिहून देता येत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट लागेल.

त्यांचा दुसरा प्रश्न होता की हे बोलणं कुठे साठवलं जातं. तोही रास्तच. अमेरिकेत बेटरहेल्प ही ऑनलाइन थेरपीची फार मोठी कंपनी आहे, तिने युजर्सची माहिती फेसबुक वगैरेंना जाहिरातींसाठी दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून आम्ही रेकॉर्डिंग नाही, चॅटवर आजाराबद्दल काही नाही, नोट्स माझ्याकडे बंद कपाटात, असं ठरवलं. मग त्यांनीच विचारलं, ती काय बोलते ते मला कळेल ना. नाही कळणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि तो बायकोला नवऱ्यापासूनही आहे. जिवाला धोका असेल तरच मी सांगेन, तेही बाईंना आधी माहीत असेल. ते जरा गप्प झाले पण मान्य केलं.

पहिलं सेशन बरंचसं व्यवस्था लावण्यात जातं, ते कंटाळवाणं वाटतं पण मी ते कधी टाळत नाही. दर वेळी कॉल लागल्यावर आधी तुम्ही आत्ता नक्की कुठे आहात ते सांगायचं. कॉल तुटला तर पाच मिनिटांत मी साध्या फोनवर लावणार. अगदीच काही झालं तर नवरा, ते ड्युटीवर असतील तर शाळेतल्या एक सहकारी, आणि दवाखाना म्हणजे कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. रात्रीबेरात्री मी नसताना टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तो सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे आणि मराठीत बोलतात.

मग जागेचा प्रश्न. घर दोन खोल्यांचं, सासूबाई दिवसभर घरात. बाईंनी शाळा सुटल्यावर वर्गातच बसायचं ठरवलं, दार लोटून, इअरफोन लावून, मागे फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार. घरी सांगितलं होतं की ऑनलाइन ट्रेनिंग आहे. शिक्षकांची ट्रेनिंगं एवढी असतात की कोणाला शंकाच आली नाही. खोटं बोलून येणं मला आवडत नाही, पण घरात काय सांगायचं हा निर्णय त्यांचा. पुढे त्यांनी स्वतःच सासूबाईंना खरं सांगितलं आणि सासूबाई म्हणाल्या, मला पण पुरानंतर कित्येक रात्री तसंच व्हायचं गं, मी कोणाला सांगितलं नाही.

तर हा पूर. २२ जुलै २०२१ चा, चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचा. बाई सुरुवातीपासून म्हणत होत्या, मॅडम हे सगळं पुराचं आहे. खालच्या मजल्यात पाणी, त्या मुलाला आणि सासूबाईंना घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे, लाइट नाही, मोबाईल बंद पडलेला, नवरा लोट्यात अडकलेला. मी पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या आघाताच्या आजाराच्या, अंगाने नीट तपासलं. पुराची स्वप्नं पडत नव्हती, तो प्रसंग परत घडतोय असं होत नव्हतं, त्याबद्दल त्या सहज आणि सविस्तर बोलत होत्या. म्हणून मी पुरावर थेरपी करायला घेतली नाही, आणि हा निर्णय ह्या प्रकरणात महत्त्वाचा होता असं मला वाटतं. कारण आग कशाने लागली आणि आत्ता तिच्यात लाकडं कोण टाकतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण पुरातून एक धागा मिळाला. त्या रात्री तीन गोष्टी एकत्र होत्या, बाहेर पडता येत नाही, फोन लागत नाही, नवरा पोचू शकत नाही. घाटात अडकलेल्या एसटीतही नेमक्या ह्याच तीन. कुंभार्लीत बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. बाईंना दरीपेक्षा रेंज जाण्याची भीती होती, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

आणि लाकडं टाकणारी गोष्ट अशी. डेव्हिड क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं एक चक्र मांडलं, आजही आम्ही तेच वापरतो. शरीरात काहीतरी साधं होतं, धडधड, चक्कर, घाम. माणूस त्याचा अर्थ लावतो की हार्ट अटॅक आला. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने अजून धडधडतं, मग तो म्हणतो बघा खरंच आला. त्यात श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हातापायाला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, म्हणजे पुराव्यात अजून भर. हा कळस काही मिनिटांतच येतो आणि मग उतरतो, पण तो उतरायच्या आत माणूस पाणी पितो, गोळी जिभेखाली धरतो, फोन लावतो, गाडीतून उतरतो. आणि मनात नोंद होते की गोळीमुळे वाचलो, उतरलो म्हणून वाचलो. आपोआप उतरलं असतं हे बघायची संधीच मिळत नाही. आम्ही स्क्रीनवर बाईंच्याच घाटातल्या अटॅकचं मिनिटामिनिटाचं चित्र काढलं आणि त्या बराच वेळ बघत बसल्या.

पुढचा भाग म्हणजे ती लक्षणं मुद्दाम आणायची. दमा, हार्टचा त्रास, गरोदरपण असेल तर हे असं करायचं नसतं, म्हणून त्यांचे सगळे रिपोर्ट त्यांच्या फिजिशियनला विचारून घेतले, आणि घरी एकट्याने करून बघू नका असं वाचणाऱ्यांनाही सांगते. एक मिनिट भराभर श्वास, जागेवर धावणं, स्ट्रॉमधून श्वास घेणं, हेडमास्तरांच्या फिरत्या खुर्चीवर गोल फिरणं. आधी बाईंनी लिहायचं की काय होईल. त्यांनी लिहिलं, चक्कर येऊन पडेन, खात्री ९० टक्के. पडल्या नाहीत. बेशुद्ध पडताना साधारणपणे बीपी खाली जातं आणि पॅनिकमध्ये ते उलट वर जातं, म्हणून पॅनिकमध्ये माणसाला आता पडणार असं कितीही वाटलं तरी सहसा तो पडत नाही. हे मी आधी सांगितलं होतं पण स्वतःच्या अंगावर बघितल्याशिवाय ते पटत नाही.

इथे ऑनलाइनची एक अडचण सांगते. स्क्रीनवर मला फक्त चेहरा आणि खांदे दिसतात. व्यायाम चांगला चाललाय असं दिसत होतं पण खात्री दरवेळी नव्वदवरच अडकलेली. मी म्हटलं बाई मोबाईल जरा लांब ठेवा, खिडकीत, मला तुम्ही पूर्ण दिसल्या पाहिजेत. बघते तर एका हाताने बेंच घट्ट धरलेला आणि मांडीवर पाण्याची बाटली. समोर बसल्या असत्या तर हे पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं. बाटली दुसऱ्या वर्गात ठेवली, हात मोकळे केले आणि मग आकडा खाली यायला लागला.

पण ऑनलाइनचा फायदाही तेवढाच मोठा आहे. बाईंची भीती माझ्या पुण्याच्या केबिनमध्ये राहत नव्हती, ती चिपळूणच्या रस्त्यावर होती, आणि मला फोनवरून तिथे जाता येत होतं. पहिल्यांदा शाळेपासून पुढच्या फाट्यापर्यंत पायी एकट्या गेल्या तेव्हा मी कानात होते. नंतर एसटीने पोफळीपर्यंत, घाटाच्या पायथ्याला, तेव्हाही कानात होते. बाई खूश, घरचे खूश, नवऱ्यांचा मेसेज आला की मॅडम तुम्ही बरोबर असलात की तिला काहीच होत नाही.

हे वाक्य ऐकून खूश व्हायचं नसतं. कारण पर्समधली सॉर्बिट्रेट गेली आणि तिच्या जागी मी आले. बाईंच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू, त्यांची मूळ भीतीच फोन न लागण्याची. ऑनलाइन थेरपिस्ट हा पेशंटच्या खिशात कायम असतो आणि ह्या सोयीची कधी कुबडी होते ते कळत नाही. मला वाटतं ऑनलाइन काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवलं पाहिजे, आणि आम्ही तशी पायरी आधीच लिहून ठेवलेली होती. आधी कॉल चालू ठेवून प्रवास, मग फक्त निघताना बोलायचं, मग फोन पर्समध्ये बंद, मग पोचल्यावरही कळवायचं नाही, रात्री घरी येऊन वहीत लिहायचं. त्यात नवऱ्यांचाही वाटा होता, दिवसातले ते फोन त्यांनी उचलायचे नाहीत असं ठरलं. त्यांना हे जमायला बाईंपेक्षा जास्त वेळ लागला. प्रेमाच्या माणसाला घाबरलेलं असताना फोन न उचलणं ही सोपी गोष्ट नाही, आणि ते कठोरपणे नाही तर आधी दोघांनी मिळून ठरवून केलं तरच चालतं, त्यासाठी एक सेशन दोघांना घेऊन केलं.

गोळीचंही असंच. अल्प्राझोलाम पटकन काम करते म्हणून अटॅकच्या वेळी देतात पण ती घेऊन घाट चढला तर मन म्हणतं गोळीने चढवला, शिवाय तिची सवय लागते. बाईंना मी सायकियाट्रिस्टकडे जोडलं, त्यांनी व्हिडिओ कन्सल्टेशन करून एस्सिटालोप्राम हे चिंतेवरचं रोज घ्यायचं औषध चालू केलं आणि अल्प्राझोलाम हळूहळू कमी करत बंद केलं. २०२० च्या मार्चपासून टेलिमेडिसिनचे सरकारी नियम आहेत, डॉक्टरांना असं बघता येतं. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने त्रास होतो.

मग घाट. पोफळीच्या पुढे हेळवाक, मग कोयनानगर, मग पाटण, मग कराड, असे टप्पे. मी मुद्दाम सांगितलं की रेंज गेली की सेशन संपलं, पलीकडे रेंज आली तरी मला लावायचं नाही. हेळवाकच्या फेरीत अटॅक आला, चांगला मोठा. त्या उतरल्या. पण ह्या वेळी उलट गाडी पकडून पळाल्या नाहीत, स्टॉपवरच उभ्या राहिल्या, घड्याळ बघत, आणि तो ओसरल्यावर शांतपणे पुढची गाडी धरून परत आल्या. घरी सगळ्यांना वाटलं फसलं. वहीत बाईंनी लिहिलं होतं, "आला, वर गेला, खाली आला, फोन नव्हता, मी होते." मी तो दिवस सगळ्यात यशस्वी धरते कारण त्यांना जे बघायला मिळायलाच हवं होतं ते त्या दिवशी दिसलं. न घाबरता घाट पार झाला असता तर एवढं शिकायला मिळालं नसतं.

भाऊबीजेला कराडला गेल्या, एसटीने, खिडकीची सीट, फोन पर्समध्ये. जाताना घाटात हात गार पडले, येताना झोप लागली म्हणे. त्या सुमारास जीएडी-७ सहावर होता. सॉर्बिट्रेट कचऱ्यात गेली, चहा परत सुरू झाला, स्कूटी सुरू झाली.

सगळं मिटलं असं नाही. झोपेतला अटॅक अजून अधूनमधून येतो, फक्त आता त्या उठून बसतात आणि कोणाला न उठवता परत झोपतात. औषध अजून चालू आहे, ते कधी कमी करायचं हे सायकियाट्रिस्ट ठरवतील, बाईंना ते लवकर बंद व्हावं असं वाटतं आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे. नवऱ्यांचा पहिल्या पाळीतून येणारा एक फोन अजून सुटलेला नाही. आणि भर पावसातला घाट अजून झालेला नाही, दरड, धुकं, वाहतूक थांबलेली, हे सगळं एकत्र. त्यासाठी जूनमध्ये एक सेशन आधी आणि एक नंतर असं ठरवून ठेवलंय, मधल्या फेरीला मी फोनवर नसणार, आणि सासूबाई म्हणाल्यात की त्या फेरीला मीही बरोबर येते. त्यांना न्यायचं की नाही ह्याचा निर्णय बाई घेतायत.